आवक-जावक

राजीनामा लिहायला मला तीन रात्री लागल्या. पहिल्या रात्री ‘प्रति, मा. प्राचार्य’ एवढं झालं आणि लाइट गेली. दुसऱ्या रात्री ‘विषय : राजीनामा’ असं लिहिलं आणि सवयीने शब्दाच्या व्युत्पत्तीत शिरलो. शब्द फारसीच्या घरचा. राजी असल्याचा कागद तो राजीनामा. आता इथे राजी कोण, मी की संस्था, या मुद्द्यावर रात्रीचे दोन वाजले. अकरा वर्षं मराठी शिकवलेल्या माणसाचं असंच होतं. घराला आग लागली तरी तो ‘आग’ आणि ‘अग्नी’ यांतलं नातं सांगून मग बादली शोधतो.

तिसऱ्या रात्री मात्र लेखणी सुटली. डोळ्यांसमोर आदर्श मोठा होता. टिळकांनी ज्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीच्या उभारणीला हात लावला, तीच १८९० साली सोडली, तेव्हा चांगलं लांबलचक निवेदन लिहून सोडली. मी चार पानांवर भागवलं. पहिल्या पानावर शिक्षणव्यवस्थेची अवस्था, दुसऱ्यावर माझी, तिसऱ्यावर दोघींचा परस्परसंबंध आणि चौथ्यावर ‘आपला विश्वासू’. चार पानं पाकिटात मावेनात, म्हणून घडी घालून फायलीत ठेवली आणि १२ जून २०२३ ला एसटीने महाविद्यालय गाठलं.

महाविद्यालय वाशीम जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी आहे. नाव सांगत नाही. सांगण्यासारखं काही असतं तर मी सोडलं कशाला असतं? सुट्ट्या होत्या. प्राचार्य नव्हते. ऑफिसात कूलरसमोर बडे बाबू तेवढे होते. त्यांनी चारही पानं वाचली. अकरा वर्षांत माझं लेखन इतकं एकाग्रतेने वाचणारा हा पहिला माणूस. मग चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी विचारलं,

“सर, हे कायचं पत्र हाय?”

“राजीनामा आहे.”

“ते दिसलं. पन कशाचा?”

“नोकरीचा.”

त्यांनी कपाटातून फाइल काढली, एक कागद माझ्यापुढे धरला. “तुमची ऑर्डर ३० एप्रिलले संपली. आज तारीख बारा जून. त्रेचाळीस दिवस झाले, तुम्ही आमच्याकडे नाईच. जो मानूस नाईच, त्याचा राजीनामा मी कसा घेऊ?”

मी गप्प. त्यांना माझी दया आली असावी. समजुतीच्या सुरात म्हणाले, “तुमाले राजीनामाच द्याचा असन तं असं करा. जुलैत जाहिरात निघन. अर्ज करा, मुलाखत द्या, लागा. मंग द्या राजीनामा. मी सोता आवकमधी घेतो.”

“निदान पोच तरी द्या.”

“पोच कायची देऊ? आवक रजिस्टरमधी विषयाचा रकाना असते, सर. त्यात काय लिहू? ‘नसलेल्या मानसाचं नसलेल्या नोकरीबद्दल पत्र’?”

अशा रीतीने मी उच्च शिक्षणक्षेत्र सोडलं. म्हणजे सोडायला गेलो, तर कळलं की ते मला दर ३० एप्रिलला सोडत होतं. अकरा वर्षांत अकरा वेळा. मीच दर जुलैत माहेरी आल्यासारखा परत जात होतो.

*

ज्यांना ही भानगड ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. सरकार जागा भरत नाही, वर्ग तर भरतो. या दोहोंच्या मधल्या फटीत जो उभा असतो त्याला ‘तासिका तत्त्वावरील प्राध्यापक’ म्हणतात. कागदोपत्री ‘सीएचबी’. सोयरिकीच्या बैठकीत एका मामांनी ही कुठली बँक म्हणून विचारलं होतं. स्टाफरूममध्ये आम्ही त्याचा विग्रह ‘चहा, हजेरी, बस’ असा करत असू. चहा स्वतःचा, हजेरी मुलांची आणि बस महामंडळाची.

यातलं ‘तत्त्व’ फार खोल आहे. पगार महिन्याचा नसतो, तासाचा असतो. आणि तास घड्याळाचा, म्हणजे ६० मिनिटांचा. तासिका मात्र ४८ मिनिटांची. पाच तासिका घेतल्या की कागदावर चार तास होतात. उरलेल्या बारा-बारा मिनिटांचं काय होतं? तेवढ्या वेळात वर्गाबाहेर पोरं गाठतात आणि शंका विचारतात. “सर, परीक्षेले हे येते का?” ही मुख्य शंका. आठवड्याला माझ्या नऊ तासिका. एकदा पर्यवेक्षणाच्या कामावर बसल्याबसल्या मी हिशेब मांडला. वर्षाचे साधारण तीस आठवडे धरले, तर अकरा वर्षांत ही बारा-बारा मिनिटं ५९४ तास भरतात. म्हणजे चोवीस दिवस आणि अठरा तास मी व्हरांड्यात उभा राहून फुकट शंकानिरसन केलं होतं. पर्यवेक्षणाचे पैसे मिळणार होते का, हा प्रश्न तेव्हा सुचला नाही. माणूस एका वेळी एकच हिशेब करू शकतो.

हे मानधनही महिन्याच्या महिन्याला येत नसे. ते पावसासारखं होतं. येणार हे नक्की, कधी ते नक्की नाही, आणि आलं की एकदम येऊन उन्हाळ्यातल्या उधाऱ्या वाहून नेई. आमचे बाबा शेतकरी. सहा एकर, सोयाबीन आणि तूर. त्यांना दोन शब्द पक्के कळतात, आवक आणि भाव. मी पीएच.डी. झालो त्या दिवशी ते मार्केट यार्डात होते. मी फोन करून बातमी दिली. पलीकडे क्षणभर शांतता. मग आवाज आला, “चांगलं झालं बाप्पा. भाव काय निंगाला?”

भाव निघाला तो वेगळ्याच ठिकाणी. कायम नोकरीच्या एका मुलाखतीला मी गेलो होतो. संस्था कुठली ते राहू द्या. मुलाखत संपल्यावर एक गृहस्थ मला बाजूला घेऊन गेले आणि आस्थेने विचारू लागले, “तयारी किती आहे?”

मी म्हटलं, “पूर्ण तयारी आहे. महानुभाव वाङ्मयापासून नव्वदोत्तरीपर्यंत.”

“ते ठीक. तयारी किती?”

“बोलीभाषाही केल्या आहेत. वऱ्हाडीवरच प्रबंध आहे.”

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं बाबा खोडमाशी लागलेल्या सोयाबीनकडे पाहतात. घरी येऊन हा संवाद सांगितला, तर बाबांना अर्थ तत्काळ लागला. डॉक्टरेट मला मिळाली होती, अर्थबोध त्यांना. ते बराच वेळ सुपारी कातरत बसले आणि म्हणाले, “सहा एकर इकलं तं पुरते काय?” मी म्हटलं, पुरणार नाही. “मंग बरं झालं,” ते म्हणाले, “पुरलं असतं तं मोह झाला असता.”

*

माझ्या संशोधनाविषयी दोन शब्द सांगितलेच पाहिजेत. नाही तर कुणीच सांगणार नाही. प्रबंधाचं शीर्षक ‘वऱ्हाडी बोलीतील संबोधने : एक चिकित्सक अभ्यास’. मराठीत चिकित्सक नसलेला अभ्यास विद्यापीठ स्वीकारत नाही. काळं कव्हर, वर सोनेरी अक्षरं. तो एकूण तिघांनी वाचला. मार्गदर्शकांनी आणि दोन परीक्षकांनी. यातल्या एका परीक्षकांविषयी मला शंका आहे. त्यांनी मौखिकीत मला अहिराणीवर प्रश्न विचारले. घरातली प्रत आईने देव्हाऱ्याच्या खालच्या फळीवर ठेवली. शेजारच्या काकूंनी शीर्षक वाचून एकदा मला गुडघेदुखीवर औषध विचारलं. चिकित्सक म्हटल्यावर त्यांचं काय चुकलं?

त्याआधी मी एम.फिल. केलं होतं, तर २०२२ च्या नियमावलीने यूजीसीने एम.फिल.च बंद करून टाकलं. मग शोधनिबंध. ते कुठल्या नियतकालिकात छापून यावेत याची यूजीसीची एक यादी होती, ‘केअर’ नावाची. त्या यादीत शिरण्यासाठी आम्ही जी धडपड केली, ती मुंबईच्या लोकलमध्ये शिरणाऱ्यांनी पाहिली असती तर त्यांना आपलं जगणं ऐसपैस वाटलं असतं. मी बाहेर पडलो आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये ती यादीही बंद झाली. माझा हात लागलेली गोष्ट टिकत नाही, असं हिचं, म्हणजे माझ्या बायकोचं, निरीक्षण आहे. अपवाद म्हणून ती स्वतःकडे बोट दाखवते.

यादीबाहेरचीही नियतकालिकं होती. आंतरराष्ट्रीय. त्यांतल्या एकाचं कार्यालय शोधत मी एका शहरात गेलो, तर खाली पिठाची गिरणी आणि वर आंतरराष्ट्रीय. तिथे लेखकाला मानधन नसतं, लेखकानेच द्यायचं असतं. मी दिलं. निबंध छापून आला. त्यात ‘संबोधने’च्या जागी सगळीकडे ‘संशोधने’ झालं होतं. आजतागायत एकाही वाचकाने ही चूक दाखवून दिलेली नाही, यावरून वाचकसंख्येचा अंदाज यावा.

*

राजीनामा परत घेऊन मी वाशीमला आलो, तेव्हा मनाची जी अवस्था होती तिला आमच्या जिल्ह्याचा इतिहास कामी आला. इंग्रजांच्या काळात हा ‘बासीम’ जिल्हा होता. १९०५ साली तो मोडून अकोल्यात घातला. मग १ जुलै १९९८ ला पुन्हा जिल्हा केला. म्हणजे साक्षात जिल्ह्याच्या सेवेत त्र्याण्णव वर्षांचा खंड! त्यानेही बहुधा कुठे अर्ज केला असेल आणि त्यालाही बाबूंनी सांगितलं असेल, जुलैत या. त्याला जुलैत घेतलं, हे मात्र खरं.

पुसद नाक्याकडे माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचं दुकान होतं. फ्लेक्स, बॅनर, लग्नपत्रिका, झेरॉक्स. तो दारात डोक्याला हात लावून बसला होता. पुढ्यात दहा बाय पंधराचा फ्लेक्स पसरलेला. एका उदयोन्मुख नेत्याचा वाढदिवस. मोबाइल कानाला लावलेले अकरा कार्यकर्ते, गॉगल लावलेले चार, आणि वर दीड फुटी अक्षरांत ‘हार्दिक शुभेच्या’.

“सर, गिऱ्हाइकानं परत केला. दीडशे स्क्वेअर फूट गेले पान्यात. आता ताडपत्री म्हनून सोयाबीनच्या गंजीवर टाकतो.” मग माझ्याकडे पाहून त्याच्या चेहऱ्यावर एकदम उजेड पडला. “सर, तुम्ही काहून नाई बसत इथं? छापाच्या आधी फक्त पाह्यत जा.”

अकरा वर्षांत पहिल्यांदा मला कुणी जाहिरातीविना, मुलाखतीविना, ‘तयारी’विना कामावर घेत होतं. ते माझा विषय येतो म्हणून. मी बसलो. आधी शुद्धलेखन पाहत होतो, मग मजकूर लिहू लागलो, कोरल शिकलो, वर्षभरात भागीदार झालो. दुकानात माझ्यासाठी एक फिरती खुर्ची आली. महाविद्यालयात माझी खुर्ची फिरती नव्हती. आम्हीच खुर्चीसाठी फिरत होतो.

नातेवाइकांत हळहळ झाली. ‘एवढा शिकला अन् फ्लेक्स छापून राह्यला.’ मी त्यांना दाखले दिले. पु. ल. देशपांडे बेळगावच्या महाविद्यालयात शिकवत होते, ते पुढे आकाशवाणीत गेले. अत्रे पुण्याच्या कॅम्पातल्या शाळेचे मुख्याध्यापक, ते सिनेमात गेले, वर्तमानपत्रात गेले. आणि टिळकांनी तर सोसायटी सोडल्यावर भागीदारीत लातूरला जिनिंग फॅक्टरी काढली. माझ्या काकांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “त्या मानानं जिनिंग चांगलं. सरकी तरी निंगते.”

*

या धंद्याला मी पहिल्या महिन्यात नाकं मुरडत होतो, हे कबूल करतो. मग एके दिवशी मला आमच्याच गावच्या ताम्रपटाची आठवण झाली. वाशीम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. इथल्या दुसऱ्या विंध्यशक्ती राजाचा ताम्रपट प्रसिद्ध आहे. एका गावाचं दान दिल्याचा तो लेख. त्यात काय आहे? आधी आजोबा, त्यांनी केलेले यज्ञ, मग वडील, मग ‘धर्ममहाराज’ ही पदवी, आणि हे सगळं संपल्यावर मूळ मुद्दा. वंशावळीचा भाग भारदस्त संस्कृतात आणि व्यवहाराचा भाग लोकांना कळेल अशा प्राकृतात. मी टेबलावर थाप मारली. अहो, हा फ्लेक्स आहे! वर श्रद्धास्थान, मग मार्गदर्शक, मग आधारस्तंभ, मग ‘कार्यसम्राट’ ही पदवी, आणि तळाला बारीक अक्षरांत रक्तदान शिबिराची वेळ. फरक एवढाच की त्यांचा तांब्याचा होता म्हणून दीड हजारांहून जास्त वर्षं टिकला. आमचा पहिल्या वादळात महावितरणच्या तारेला लटकतो.

मी नाकं मुरडणं सोडलं. परंपरेत काम करतोय म्हटल्यावर जबाबदारी येते.

पण माझा मजकूर चालेना. एका कृषी सेवा केंद्राच्या उद्घाटनाचा फ्लेक्स मी लिहिला : ‘शेतकरीहितैकदक्ष, सर्वकृषिनिविष्ठासंपन्न अशा नूतन दालनाच्या शुभारंभप्रसंगी…’ मालक मोटारसायकलवरून उतरलाही नाही. तिथूनच वाचायला लागला आणि ‘निविष्ठा’पाशी अडखळला. म्हणाला, “सर, माल्या दुकानात बी-बियानं हायत, खत हाय, औषध हाय. हे निष्ठा कोनाची हाय?”

“निष्ठा नाही, निविष्ठा. बियाणं, खतं, औषधं यांना मिळून…”

“हे वाचेपर्यंत गिऱ्हाईक रिसोडले पोचन.”

त्याने स्वतः चार शब्द सांगितले. बियाणं, खत, औषध, उधारी. शेवटचा शब्द मी पुसायला लावला, तर म्हणाला, “त्याच्यासाठीच तं लोक येतात.” फ्लेक्स लागला. दुकान धो धो चाललं.

त्या रात्री मला राजशेखर आठवला. हा दहाव्या शतकाच्या उंबरठ्यावरचा पंडित. याच्या ‘काव्यमीमांसे’त एक झकास गोष्ट आहे, ती मी वर्गात दर वर्षी सांगत असे. सरस्वतीचा मुलगा काव्यपुरुष एकदा आईवर रुसून घर सोडून निघाला. त्याला परत आणायला पार्वतीने एक मुलगी निर्माण केली, साहित्यविद्यावधू. ती त्याच्या मागोमाग देशोदेशी फिरली. आधी ती दोघं पूर्वेकडे गेली. तिथे त्याचं मन तिच्यात नव्हतं, म्हणून तो लांबलचक समासांत बोलत राहिला. ती गौडी रीती. पांचाल देशात तो जरासा विरघळला, समास आखूड झाले. ती पांचाली. आणि दक्षिणेकडे आल्यावर तो पूर्ण तिचा झाला, तशी त्याची भाषा साधी, प्रसन्न झाली. तिचं नाव पडलं वैदर्भी. शेवटी दोघांनी गांधर्व विवाह केला, तो विदर्भातल्या वत्सगुल्म नगरात. म्हणजे आमच्या वाशिमात.

वर्गात मी ही गोष्ट अभिमानाने सांगायचो. साहित्याचं लग्न लागलं ते आपल्या गावात, असं म्हणून थांबायचो. मागच्या बाकावरून एकदा प्रश्न आला, “सर, जेवन कोनाकडं होतं?” तेव्हा रागावलो होतो. आता वाटतं, प्रश्न बरोबर होता. गांधर्व विवाह म्हणजे पत्रिका नाही, मंडप नाही, बॅनर नाही. वाशिमातल्या पहिल्या नोंदलेल्या लग्नात आमच्या धंद्याला एक रुपया मिळाला नाही.

पण गोष्टीतली खरी गोम अकरा वर्षं शिकवूनही माझ्या ध्यानात आली नव्हती. ज्याचं मन समोरच्या माणसात नसतं तो लांब समासांत बोलतो. मन बसलं की वाक्य आखूड होतं. मी जन्माने वैदर्भी, शिकून शिकून गौड झालो होतो. माझे शोधनिबंध, माझा चार पानी राजीनामा, सगळे पूर्वेकडे भटकत होते. वाचणारा समोर नव्हताच, तर मन कुणावर बसणार? आता समोर मोटारसायकलवर बसलेला वाचक आहे. इंजिन चालू ठेवून वाचतो. त्याने मला चार शब्दांत परत वाशीमला आणून सोडलं.

*

तेव्हापासून माझं लेखन जिल्हाभर वाचलं जातं. रामनवमीला पोहरादेवीच्या यात्रेत लाखोंनी लोक येतात, त्यांच्या वाटेवर माझं वाङ्मय फडकत असतं. कारंज्यात, मानोऱ्यात, शेलूबाजारच्या फाट्यावर माझी वाक्यं उभी आहेत. अलीकडे शेतकरी चिया पेरू लागले, तर ‘चिया बियाणे मिळेल’ हे माझं वाक्य सर्वाधिक गाजलं. पूर्वी मी पैसे देऊन छापून आणत होतो, आता लोक मला पैसे देऊन माझ्याकडून छापून घेतात. पूर्वी वाचक तीन होते, त्यांतला एक संशयित. आता चूक झाली तर मालेगावच्या टपरीवरून फोन येतो : “सर, ‘पुण्यतिथी’तला ‘ण’ न झाला.” इतकं कडक परीक्षण आंतरराष्ट्रीय नियतकालिकातही होत नाही, गिरणीच्या आवाजात ते जमणारही नाही.

लग्नपत्रिकांत तर माझा प्रबंधच उपयोगी पडला. संबोधनांवर अकरा वर्षं काढलेला माणूस! बाबाजी, बुवा, भाऊजी, आबाजी, थोरल्या आत्याचे सासरे, ज्यांचं नाव दुसऱ्या ओळीत गेलं तर ते लग्नाला येत नाहीत आणि तिसऱ्या ओळीत गेलं तर येऊन भांडतात, या सगळ्यांना जागच्या जागी बसवणं हे चिकित्सक अभ्यासाशिवाय जमत नाही. ‘आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं’ या ओळीखाली सत्तावीस चिमुकल्यांची नावं मी वयानुक्रमे लावली आहेत. एकाही मुलाच्या आईने तक्रार केली नाही. विद्यापीठाने यावर डी.लिट. द्यायला हरकत नाही.

एकच गोष्ट सुटत नाही, ती म्हणजे ‘सर’. नोकरी नव्हती तेव्हाही मी सर होतो, आता नोकरी सोडल्यावरही आहे. ज्या पदाची ऑर्डर कुणी काढलेली नाही ते कुणाला काढूनही घेता येत नाही. पूर्वी ‘सर’ म्हटलं की मागून शंका येई, आता बिलात सूट मागतात.

*

गेल्या हिवाळ्यात दुपारच्या वेळी दुकानासमोर एक ओळखीची स्कूटर थांबली. बडे बाबू! केस पांढरे झालेले, चष्मा तोच, कपाळावर. महाविद्यालयात नॅकची समिती येणार होती. भिंती रंगवून झाल्या होत्या, कुंड्या भाड्याने आणल्या होत्या, आता बॅनर हवे होते. खिशातून मजकुराचा कागद निघाला. समितीचं स्वागत, दूरदृष्टी, ध्येय, आणि शेवटचा आठ बाय दहाचा : ‘महाविद्यालयाने घडविलेले उद्योजक’. खाली पाच नावं. तिसरं माझं.

“बाबू, हे…”

“प्राचार्यांनी सांगितलं. समितीले दाखवा लागते. फोटो तुमच्याजवळच असन, म्हनून आनला नाई.”

मी माझा फोटो लावला, स्वतःच्याच नावातली वेलांटी तपासली, स्वतःलाच आयलेट मारून गुंडाळून ठेवलं. महाविद्यालयाने मला घडवलं हे खोटं नव्हतंच. त्यांनी कायम केलं असतं तर मी कशाला घडलो असतो?

बिल केलं. दुसरी प्रत पुढे सरकवली. बाबूंनी सवयीने त्यावर ‘माल मिळाला’ लिहिलं, तारीख टाकली, पिशवीतून शिक्का काढून महाविद्यालयाची गोल मोहोर उठवली, आणि कोपऱ्यात आवक क्रमांकासाठी रेघ मारून म्हणाले, “नंबर उद्या टाकतो. विषय काय लिहू?”

दोन वर्षांपूर्वीचा प्रश्न. या वेळी माझ्याकडे उत्तर होतं, तेही आखूड. “लिहा, बॅनर.”

मी ती प्रत हातात घेऊन पाहत राहिलो. निळी, गोल, किंचित पुसट मोहोर. तिच्यासाठी मी एकदा चार पानं लिहिली होती. ड्रॉवरमध्ये तो राजीनामा अजून होता. त्यालाच मी ही प्रत टाचली. विषय जुळत नव्हता, पण पोच ती पोच.

“पैसे?” मी विचारलं.

“मार्चमधी पाहू, सर. ग्रँट आली की.” ते स्कूटरला किक मारू लागले. दोनदा बसली नाही. तिसऱ्यांदा बसली, तसे वळून म्हणाले, “अन् जुलैत जाहिरात निंगून राह्यली. मराठीची एक जागा हाय. अर्ज टाकून देजा.”

“आता कशाला, बाबू?”

“कशाला म्हंजे?” ते मनापासून चकित झाले. “तुमाले राजीनामा द्याचा होता ना?”